टिटवीला फलाट

नोंद. ठिकाण: नाशिक. सुटण्याची वेळ: ठरली नाही. कारण: सल्ले चालू.

झुंबरराव निरभवणे तेहतीस वर्षं एसटीत वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे काचेच्या खोलीत बसून, एका हातात माइक आणि दुसऱ्या हातात पेन घेऊन त्यांनी लाखांनी गाड्या सोडल्या. स्वतः मात्र सटाण्याच्या पलीकडे गेले नाहीत. निवृत्तीच्या दिवशी माइक डेपोत राहिला आणि आवाज घरी आला. "लता, चहा" हे दोन शब्द ते असे उच्चारत, की समोरच्या बिल्डिंगमधले दोघंतिघं पिशव्या उचलून उभे राहत.

आणखी एक सवय घरी आली. नोंदवहीची. सकाळी दूधवाला आला की वेळ, उशीर आणि कारण. दूधवाल्याने एकदा कारण सांगितलं नाही, तर झुंबररावांनी त्याला जिन्यात थांबवून धरलं होतं.

अशा माणसाला लेकीचा फोन आला.

तेजल आणि जावई संघर्ष, दोघांचंही काम संगणकावरचं, कुठूनही करता येईल असं. 'कुठूनही' हा शब्द आपल्याकडे लोक पुणं किंवा हैदराबाद एवढ्याच अर्थाने घेतात. या दोघांनी तो शब्दशः घेतला. ग्रीसमध्ये एक जुनी शिडाची बोट घेतली, तिला 'टिटवी' नाव दिलं आणि दीड वर्ष तिच्यावरच संसार चालवला होता.

"जय भीम, पप्पा. या ना दहा दिवस. शिडाने बेटाबेटाने फिरायचं, संध्याकाळी एखाद्या शांत बंदरात थांबायचं, सकाळी पुढे निघायचं."

"म्हणजे मुक्कामी गाडी," झुंबरराव म्हणाले.

"तसंच समजा."

समुद्र त्यांना परका होता, पण मुक्कामी गाडी परकी नव्हती. ते हो म्हणाले. त्यांचं हो म्हणणं, आवाज तो असल्याने, कॉलनीतल्या चारही बिल्डिंगना एकदमच कळलं.

पहिले आले रंगनाथ पगार. शेजारीच राहतात, शाळेत भूगोल शिकवायचे. भूगोलात समुद्र येतो, म्हणून समुद्रावर त्यांचा हक्क होता.

"निरभवणे, पोहता येत नाही ते चालेल. समुद्रात पोहून जाणार तरी कुठे? पण बोट लागते. त्याचा सराव करा. हरसूलच्या गाडीत मागच्या बाकावर मधोमध बसा, पाच दिवस जा-ये करा. तिथे टिकलात तर समुद्र म्हणजे काहीच नाही."

झुंबररावांनी हा सल्ला ऐकला यात त्यांचं काही चुकलं नाही. पगार सरांनी तो नकाशा उघडून दिला होता. दुसऱ्या दिवशी ते लताबाईंना घेऊन हरसूलच्या गाडीत चढले. कंडक्टर गोरक्ष पूर्वी त्यांच्याच हाताखाली होता.

"साहेब, पुढं बसा ना. खिडकी धरून ठेवलीय तुमच्यासाठी."

"नको. मागचा बाक. मधली जागा."

"साहेब, तिथं आम्ही टायर ठेवतो."

"टायर उचल."

त्र्यंबकच्या पुढच्या घाटात जे व्हायचं ते झालं. लताबाई सबंध रस्ता मेथी निवडत बसल्या होत्या, त्यांना काही झालं नाही. तेहतीस वर्षं एसटीत काढलेल्या माणसाला मात्र एसटी लागली. गोरक्षने आईची शपथ घेऊन सांगितलं की कुणाला बोलणार नाही. संध्याकाळी डेपोतून चौकशीचे सात फोन आले. त्यातला एक सटाण्याहून.

नवसाबाई समोरच्या बिल्डिंगमधल्या. त्यांनी आलेपाकाचा डबा आणला आणि मुद्द्याचं त्याच बोलल्या.

"ते सगळं ठीक आहे भाऊ, पण येताना लेकीला घेऊनच या. पाण्यावर संसार करतंय का कुणी? बदकं करतात."

झुंबररावांनी आलेपाकाची वडी तोंडात टाकली. पण जाण्याचं खरं कारण त्यांच्याही मनात तेच होतं, आणि ते त्यांनी वहीत लिहिलेलं नव्हतं.

नोंद. ठिकाण: व्हिसाची खिडकी, मुंबई. उशीर: दोन महिने. कारण: पत्ता.

*परदेशातील मुक्कामाचा संपूर्ण पत्ता:* समुद्र.
*जवळची खूण:* बेट.
*मुक्कामाच्या जागेचा प्रकार (हॉटेल / नातेवाईक / इतर):* टिटवी.

खिडकीमागच्या मुलीने अर्ज दोनदा वाचला.

"अंकल, इथे घर नंबर लागतो."

"घर हलतं बाई आमच्या लेकीचं."

"मग ते थांबलेलं असताना कुठे असतं ते लिहा."

"थांबेल तिथे."

अर्ज परत आला. संघर्षने बोटीचे कागद पाठवले. त्यावर बोटीची लांबी होती, पण पिनकोड नव्हता. तिसऱ्या खेपेला कुणा मोठ्या साहेबाने 'इतर'वर खूण करून विषय मिटवला, तोवर लताबाईंच्या बोटांचे ठसे यंत्रात उमटेनात.

"रेषा गेल्यात यांच्या," मुलगी म्हणाली.

"यांच्या डब्यात गेल्या," लताबाईंनी नवऱ्याकडे मान केली. "तेहतीस वर्षं घासला तो."

पाचव्या प्रयत्नात अंगठा उमटला. झुंबररावांनी वेळ टिपून घेतली.

नोंद. ठिकाण: कालोनेरी बंदर, ग्रीस. आगमन: वाऱ्यावर. कारण: वारा.

सहा दिवस टिटवी बेटाबेटाने फिरली. झुंबररावांना बोट लागली नाही. त्याचं श्रेय त्यांनी पगार सरांना दिलं नाही. त्यांना त्रास होत होता तो वेगळाच. निघताना संघर्ष म्हणे, "दुपारपर्यंत पोचू बहुतेक." हा 'बहुतेक' झुंबररावांना दाताखाली आलेल्या खड्यासारखा वाटे.

सातव्या दिवशी कालोनेरी आलं. डोंगराच्या कुशीत शंभर घरं, एक दगडी धक्का, त्याला एका ओळीत अठरा जागा. सगळ्या बोटी पाठ धक्क्याला आणि तोंड पाण्याकडे करून, एकीला एक खेटून उभ्या. बाहेरच्या बाजूला एक लांब भिंत, येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी. टिटवी त्या भिंतीला बांधली. पाण्यावर तेलाच्या थेंबाएवढाही आवाज नव्हता.

तेजलने आईवडिलांना समोर बसवलं.

"पप्पा, ऑक्टोबरनंतर इथला समुद्र बोट बाहेर ठेवू देत नाही. हिवाळाभर आतल्या धक्क्याला जागा लागते. सगळी बंदरं भरलीत. इथे एकच शिल्लक आहे, सात नंबर. स्पिरोसकाका बंदर सांभाळतात, ते देतो म्हणालेत, पण माणसं बघून. त्यांना शांत माणसंच लागतात. तीन दिवस बघणार आहेत."

"आणि नाही दिली तर?"

"तर टिटवी विकायची आणि नाशिकला यायचं."

हे वाक्य ऐकायला झुंबरराव पाच हजार किलोमीटर आले होते. त्यांना आनंद झालाही. पण लेकीचं तोंड बघून तो कुठे ठेवावा हे कळेना.

"तीन दिवस आवाज नको," तेजल म्हणाली. "तुमचा तर मुळीच नको, पप्पा."

नोंद. दिवस पहिला. दुपारी तीन ते साडेपाच. गावाच्या झोपेची वेळ.

३.०० शांतता.

३.१० शांतता.

३.१७ निळी बोट बाहेर गेली. कुठे, किती माणसं, परत कधी, कुणी विचारलं नाही. स्पिरोस खुर्चीत झोपलेला.

३.२५ शिंक आली. उशीत दिली.

३.४० निळी बोट परत आली. म्हणजे नुसतीच जाऊन आली. गाडी रिकामी फिरवली.

३.५५ लता हळूच म्हणाली, तुम्ही गप्प असलात की आजारी वाटता.

४.३० शांतता.

५.०० स्पिरोसने कूस बदलली. त्याच्याकडे वही नाही. खिडकी नाही. पेन कानावर आहे, पण ते चिकटल्यासारखं आहे.

५.३० एक घंटा झाली. पास झालो.

नोंद. दिवस दुसरा. कारण: कुकर.

लताबाईंनी नाशिकहून कुकर आणला होता. तीन लिटरचा. परदेशात डाळ शिजत नाही असं त्यांना नवसाबाईंनी सांगितलं होतं. दुपारी सव्वातीनला, सगळं गाव निजलेलं असताना, त्याने तीन शिट्ट्या दिल्या.

समुद्रावर तीन छोट्या शिट्ट्या म्हणजे 'मी मागे येतोय' असा कायदा आहे. टिटवीच्या पाठीमागून एक जर्मन गृहस्थ आपली बोट दबकत नेत होते. त्यांनी कायदा पाळणाऱ्या माणसाच्या घाईने बोट वळवली आणि स्वतःच्याच नांगराच्या दोरीत अडकून, अर्धा तास गोल गोल फिरत राहिले. कुणी ओरडलं नाही. सबंध बंदर डेकवर येऊन शांतपणे बघत होतं, आणि तेच जास्त लागलं.

स्पिरोसने खुर्चीतून टिटवीकडे पाहिलं, भुवया उंचावल्या आणि जिभेने "च्" केलं.

"नाही म्हणाले," संघर्ष कुजबुजला.

"ते कळलं," झुंबरराव म्हणाले. ग्रीक भाषेतला पहिला शब्द त्यांना न शिकता येत होता.

संघर्ष जाऊन माफी मागून आला. उद्याचा एक दिवस बाकी होता. त्यापुढे लताबाई कुकरजवळ फडकं घेऊन बसायच्या आणि शिट्टी फुरफुरायला लागली की नातवाला शाळेत रडू येऊ नये म्हणून धरतात तशी तिला धरायच्या.

कॉलनीच्या ग्रुपवर पगार सरांचा निरोप आला होता: *तेजलचं काय ठरलं? खोली रंगवून ठेवू का?*

झुंबररावांनी फोन पालथा ठेवला.

नोंद. दिवस तिसरा. दुपारी चार. कारण: सगळ्यांना माहीत आहे.

वारा अचानक सुटला. तेजल आणि संघर्ष खाली केबिनमध्ये, कानात इअरफोनचे बोळे घालून, ऑफिसच्या मीटिंगला बसले होते. स्पिरोस घोरत होता. लताबाई वाटाणे सोलत होत्या.

बंदराच्या तोंडातून एक बोट आत आली. मागून दुसरी. मागून एकदम नऊ. भाड्याच्या बोटींची सहल होती ती. सगळे नवशिके, टोप्या उडालेले. अकरा बोटी आणि पन्नास माणसं एकाच वेळी भिंतीकडे निघाली, एकमेकांना आडवी. एकाचा नांगर दुसऱ्याच्या दोरीवर, तिसऱ्याचं शीड चौथ्याच्या तोंडावर.

झुंबरराव उभे राहिले. बसले. पुन्हा उभे राहिले.

"अहो," लताबाई म्हणाल्या. "नाही हं. तेजल काय म्हणाली."

"मी काही बोलत नाहीये."

"उभं तरी कशाला राहायचं मग?"

इतक्यात दोन बोटींची नाकं एकमेकींना घासली आणि तो आवाज झुंबररावांच्या थेट छातीत गेला. दिवाळीच्या गर्दीत, दोन गाड्या एकाच फलाटावर घुसताना, असाच यायचा तो आवाज. ते भिंतीवर उतरले.

पहिलं वाक्य ते हळूच बोलले. असं ते नंतर सांगतात. भिंतीवरची सगळी कबुतरं उडाली एवढं लोकांनी पाहिलं.

"लाल गाडी, जागेवर थांब. पांढरी, तू मागं घे. मागं, मागं, मागं. येऊ दे. येऊ दे. कट मार. सरळ कर. येऊ दे... बास."

आणि बोटीच्या पाठीवर तळहाताने दोन थापा. धप्, धप्.

मराठी त्या पन्नासांत कुणालाच येत नव्हती. पण 'येऊ दे' म्हणताना हाताची चार बोटं जशी आत वळतात, आणि 'बास'ला तळवा जसा उभा राहतो, त्याला भाषांतर लागत नाही. पहिली लागली. दुसरी लागली. तिसऱ्या बोटीवरचा माणूस झुंबररावांना सलाम करून मागे आला. पंचवीस मिनिटांत अकरा बोटी भिंतीला ओळीने लागल्या, टिटवीला धरून, दोन बोटींत एक हात अंतर ठेवून. सहावीला तर ते, सवयीने, "प्रवाशांनी गाडी पूर्ण थांबल्याशिवाय उतरू नये" असंही सांगून बसले.

मग बारावी आली. सहलीतली नव्हती. एकटी, छोटी, इंजिन बंद पडलेली, नुसत्या शिडावर तरंगत. तिच्यावर पंच्याहत्तरीची एक गोरी बाई, हातात सुकाणू, तोंडावर समुद्राचं मीठ. भिंत भरलेली. वारा तिला दगडांकडे ढकलत होता.

आतल्या धक्क्याला एकच जागा रिकामी दिसत होती.

ज्येष्ठ नागरिक, त्यात महिला. एसटीत याला विचार करावा लागत नाही. ते बाकाच्या वर लिहिलेलंच असतं. झुंबररावांनी दोरी झेलली, तिघांना ओढायला लावली आणि बाईंची बोट अलगद आत घेतली. वही काढली. नाव विचारलं. ती म्हणाली, मार्गारीट. त्यांनी लिहिलं: *मार्गारीटबाई. आगमन ४.३१. फलाट ७.*

आकडा लिहून झाल्यावर पेन थांबलं.

केबिनच्या पायऱ्यांवर तेजल उभी होती, कानातले बोळे हातात. धक्क्यावर स्पिरोस उभा होता, बनियनवर.

नोंद. ठिकाण: टिटवी, आत. कारण:

स्पिरोस ओरडला नाही. त्याने संघर्षला शांतपणे सांगितलं, आणि संघर्षने तसंच सांगितलं: बाईंच्या इंजिनाचा सुटा भाग येईपर्यंत वसंत ऋतू उजाडेल. बाई हिवाळाभर इथेच. सात नंबर गेला. आवाजाबद्दल तो काही बोलला नाही. त्याने नुसत्या भुवया उंचावल्या.

जेवायला चौघं बसले. वाटाण्याची उसळ होती.

"मुद्दाम केलंत का?" लताबाईंनी विचारलं.

"लता."

"नाही, विचारते. तुम्हाला ती परत यायला पाहिजेच होती ना."

झुंबररावांना खूप लागलं. तेहतीस वर्षांत त्यांनी स्वतःच्या मेहुण्याला खिडकीची जागा दिली नव्हती. पण बोलायला तोंड उघडलं तेव्हा त्यांना कळलं की उत्तर त्यांनाही ठाऊक नाही. सात आकडा लिहिताना आपल्याला तो खरंच आठवला नव्हता की आठवूनही लिहिला?

"राहू दे ना, मम्मी," तेजल म्हणाली. "बाई दगडांवर आपटली असती. मीही तेच केलं असतं." तिने पोळीचा तुकडा मोडला आणि नुसताच हातात धरला. "येऊ नाशिकला. खोली रंगवायला सांगा पगार सरांना."

चार महिने, पाच ठसे आणि हरसूलचा एक घाट ज्याच्यासाठी ओलांडला, ते असं ताटात येऊन पडलं. झुंबररावांनी हातातला घास खाली ठेवला.

नोंद. सकाळ. भाड्याच्या बोटी ७.१० ते ७.४० दरम्यान रवाना. वेळेत. कारण नाही.

आठ वाजता झुंबरराव आतल्या धक्क्यावर आले. ओळीतल्या अठराही बोटींच्या पाठीमागून ते पावलं टाकत गेले. दोन बोटींत रबरी फुगे, फुग्यांच्या दोन्ही बाजूंना मोकळं पाणी. कुठे वीतभर, कुठे दीड वीत. तसेच परत आले. टिटवीची रुंदी अकरा फूट. हिशेब सोपा होता. आपल्याकडे तो शाळेत शिकवत नाहीत, दोघांच्या बाकावर तिसरा बसताना आपोआप येतो.

ते मार्गारीटबाईंच्या बोटीजवळ उभे राहिले. दोन्ही तळवे समोरासमोर धरले आणि ते एका बाजूला ढकलले. आणि आयुष्यात पहिल्यांदाच, इतक्या हळू आवाजात की लताबाईंनाही ऐकू गेलं नाही, म्हणाले,

"जरा सरकून घ्या."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग टिटवीकडे. टिटवीवर तेजल शिडाची घडी घालत होती, विकायच्या वस्तूची घालतात तशी. बाईंनी दोरी सैल केली आणि बोट वीतभर सरकवली.

सहा नंबर सरकला. पाच सरकला. आठ नंबरवरचं इटालियन कुटुंब सकाळच्या कॉफीसकट सरकलं. परवाचे जर्मन गृहस्थ अकरावर होते. ते फूटपट्टी घेऊन आले आणि बरोबर वीस सेंटिमीटर सरकले. बारा नंबरचा फ्रेंच म्हातारा मात्र वर्तमानपत्र तोंडापुढे धरून झोपेचं सोंग घेऊन बसला. याचाही उपाय एसटीत ठरलेला आहे. बोलायचं नाही, भांडायचं नाही. बाकाजवळ उभं राहायचं आणि आपली पिशवी त्याच्या गुडघ्याला टेकवायची. झुंबररावांनी लताबाईंची भाजीची पिशवी त्याच्या बोटीवर चढायच्या फळीवर ठेवली आणि आकाशाकडे बघत उभे राहिले. चौदा मिनिटं. तो सरकला.

सबंध ओळ, एक शब्द न होता, अशी दोन्ही कडांना सरकत गेली. सात आणि आठच्या मध्ये पाणी उघडत गेलं, बारा फुटांचं.

स्पिरोस खुर्चीतून उठून बघत होता. केव्हापासून कुणास ठाऊक. तो पुढे आला, त्या पाण्याकडे पाहिलं, अठरा बोटींकडे पाहिलं, आणि कानावरचं पेन काढून झुंबररावांपुढे धरलं. मग रिकाम्या जागेकडे हनुवटी केली.

संघर्ष इंजिन चालू करायला धावला. तेजल धावली नाही. ती वडिलांजवळ आली.

"पप्पा, कळतंय ना तुम्हाला? आता आम्ही येत नाही."

"मला काम करू दे," झुंबरराव म्हणाले. त्यांनी वही उघडली होती. *टिटवी. आगमन ९.०५. फलाट साडेसात.* पुढचा रकाना सुटण्याचा. तो त्यांनी कधी रिकामा सोडला नव्हता. "परत कधी?"

"मार्चमध्ये. तेव्हा येऊ नाशिकला, नक्की."

"किती तारखेला?"

"पप्पा, वारा बघून."

"वारा लिहिता येत नाही. तारीख सांग."

"पंधरा."

"वेळ?"

तेजल हसली, आणि मग तिला ते जमेना, म्हणून तिने पाण्याकडे पाहिलं. "तुम्हीच लिहा."

त्यांनी लिहिलं: *१५ मार्च, सकाळी ६.५५.* मग मार्गाच्या रकान्यात, एक क्षण थांबून, तेहतीस वर्षं लिहिलेल्या ठसठशीत अक्षरात: *कालोनेरी ते नाशिक, मार्गे घोटी.*

तेजलने वाचलं.

"पप्पा, घोटीला समुद्र नाही."

"माहितीय," झुंबरराव म्हणाले. "थांबा आहे. सही कर."